विश्वचषक पाहताना पडलेले दुखापतींचे प्रश्न

एकदिवसीय क्रिकेटचा २०२३ चा विश्वचषक भारतातील दहा शहरांत खेळला गेला आणि त्यातील पाच सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे, तर पाच मुंबईच्या वानखेडे मैदानावर झाले. त्या सामन्यांची चित्रणे आजही घरोघरी आवडीने पाहिली जातात. लंगडत मैदान सोडणारे, पेटके आले तरी फलंदाजी करणारे आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेले खेळाडू पाहून स्वतःच्या किंवा मुलांच्या दुखापतीविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे येत असतात. त्यांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : १९ ऑक्टोबर २०२३ चा भारत-बांगलादेश सामना आम्ही गहुंजेला जाऊन पाहिला. हार्दिक पंड्याचा पाय मुरगळला तेव्हा दोन-तीन सामन्यांत तो परतेल असे वाटले होते. पण त्याची उरलेली सगळी स्पर्धाच हुकली. तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीत बॅडमिंटन खेळताना माझाही घोटा मुरगळला. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, सूजही उतरली. मात्र खेळायला गेलो की पाय मध्येच दगा देतो. हाड मोडलेले नसताना इतके दिवस का लागावेत? घरचे मालिश करून घे म्हणतात, ते करावे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारा चिवट पट्टा, दिसत नाही. त्यामुळे हाड शाबूत आहे याचा अर्थ आत काहीच तुटलेले नाही असा होत नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. पाऊल आतल्या बाजूला वळून शरीराचे वजन त्यावर आले की त्यांतले पुढचे लिगामेंट सर्वप्रथम ताणले जाते, आणि जोर जास्त असेल तर ते अंशतः किंवा पूर्ण फाटते. सूज उतरली की माणूस बरे वाटते म्हणून चालू लागतो; परंतु फाटलेले तंतू जुळून पुन्हा भार पेलण्याजोगे व्हायला मध्यम दुखापतीत साधारण तीन ते सहा आठवडे आणि गंभीर दुखापतीत दोन-तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो.

तुमचा पाय दगा देतो त्यामागे आणखी एक कारण असते, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. लिगामेंटमध्ये संवेदनाग्राही चेतातंतू असतात आणि पाऊल कोणत्या कोनात आहे याची वर्दी ते मेंदूला देत असतात. लिगामेंटबरोबर या तंतूंनाही इजा होते, वर्दी उशिरा पोहोचते आणि पाऊल वळू लागल्यावर त्याला सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. नुसती विश्रांती घेऊन ही जाण परत येत नाही. ती सरावानेच परत आणावी लागते, आणि तो सराव न केल्यामुळेच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

हार्दिकचे उदाहरण तुम्ही दिले आहे, म्हणून त्याचा पुढचा भागही सांगतो. त्या सामन्यात त्याने केवळ तीन चेंडू टाकले होते. लिटन दासने समोर मारलेला फटका पायाने अडवताना त्याचा डावा घोटा मुरगळला आणि षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीला टाकावे लागले. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले. पुढे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितले की, विश्वचषकात परतण्यासाठी त्याने घोट्यात इंजेक्शने घेतली, धड चालता येत नसताना धावण्याचा प्रयत्न केला आणि त्या घाईत दुखापत उलट लांबली. तो सामना खेळण्यासाठी मैदानात उतरला तो थेट फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्पर्धेत. उत्तमातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दिमतीला असलेल्या खेळाडूलाही लिगामेंट लवकर जोडून घेता आले नाही, हे आपण सर्वांनी लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. एका पायावर अर्धा मिनिट स्थिर उभे राहण्याचा सराव दिवसातून तीन-चार वेळा करा. ते सहज जमू लागले की भिंतीजवळ उभे राहून डोळे मिटून करा. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, रबरी पट्ट्याला ताण देत पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणे, हे व्यायाम रोज हवेत. दुखऱ्या पायावर उड्या मारताना वेदना होत नाहीत, अशी स्थिती आल्यावर आधी सरळ रेषेत धावा, मग वळणे घेत धावा आणि त्यानंतरच रॅकेट हातात घ्या. बॅडमिंटनमध्ये पुढे झेपावून एका पायावर भार घ्यावा लागतो, म्हणून हा शेवटचा टप्पा गाळू नका. खेळताना पुढील काही महिने घोट्याला ब्रेस वापरलेला चांगला. एवढे करूनही आणखी तीन-चार आठवड्यांनी पाय दगा देतच असेल, किंवा घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या टोकाशी दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मालिशविषयी : दुखापतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मालिश, शेक आणि मद्य ही तिन्ही टाळावीत, कारण त्यांमुळे आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. त्या दिवसांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, बोटांकडून वर बांधत आणलेला क्रेप बँडेज आणि उशीवर उंच ठेवलेला पाय एवढे पुरते. तुमच्या बाबतीत तो काळ उलटला आहे, त्यामुळे हलक्या हाताने केलेल्या मालिशने अपाय होणार नाही. पण वर सांगितलेली जाण त्याने परत येणार नाही. आंबेहळदीच्या लेपाचेही तेच. न फुटलेल्या त्वचेवर तो लावायला माझी हरकत नाही, मात्र लेप लावला म्हणून व्यायाम चुकवू नये. पाय ‘बसवून’ देण्यासाठी झटका देणाऱ्यांकडे मात्र कृपया जाऊ नका.

इतर वाचकांसाठी एक जोड देतो. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले चालता येत नसेल, घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरील किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरील हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ठरवलेले हे निकष आज जगभर वापरले जातात.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. भारताचा सामना असला की ते जागचे हलत नाहीत, जेवण व गोळ्या पुढे ढकलतात आणि शेवटच्या षटकांत त्यांचे हात थरथरतात. त्यांना सामने पाहू द्यावेत का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची काळजी निराधार नाही. जर्मनीत २००६ साली फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवण्यात आली होती. जर्मन संघाच्या सामन्यांच्या दिवशी अशा रुग्णांचे प्रमाण इतर दिवसांच्या सुमारे २.६६ पट होते, पुरुषांमध्ये ते तीन पटींहून अधिक होते, आणि सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ते सर्वाधिक होते. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात ही वाढ विशेष दिसली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरीही सामना पाहण्यावर बंदी घाला, असे मी सांगणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर क्रिकेटवर प्रेम केले, त्याला शेजारच्या खोलीत बसवून घरात टीव्ही लावला तर आरडाओरडा ऐकून त्याची घालमेल अधिकच होईल. त्याऐवजी सामन्याच्या वेळापत्रकात त्यांच्या गोळ्यांची आणि जेवणाची वेळ आधीच बसवा. दिवस-रात्रीचा एकदिवसीय सामना आठ तास चालतो, म्हणून दर तासाला त्यांना उठवून घरातल्या घरात चालायला लावा. एका जागी पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीतील शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका असतो, आणि एकच पोटरी सुजून दुखू लागली तर ती दुखणारी नस आहे असे समजून चोळत बसू नये. सामन्याच्या दिवशी खारवलेले पदार्थ आणि चहा बेताने द्यावेत. तंबाखू आणि धूम्रपान तर पूर्ण वर्ज्य करावे. सामने सुरू होण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब तपासून घ्या आणि जिभेखाली ठेवण्याची गोळी द्यायची का, किती द्यायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप यांपैकी काहीही जाणवले, तर ‘ॲसिडिटी असेल, एवढे षटक संपू दे’ असे म्हणून थांबू नका. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : ग्लेन मॅक्सवेलने वानखेडेवर पेटके आलेले असताना द्विशतक ठोकले. आम्ही मित्र रात्री टर्फवर क्रिकेट खेळतो आणि एप्रिल-मेमध्ये मला हमखास पोटरीत गोळा येतो. भरपूर पाणी पितो, तरीही येतो. अशा वेळी खेळत राहावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ७ नोव्हेंबर २०२३ ची ती खेळी विसरता येण्यासारखी नाहीच. अफगाणिस्तानच्या २९१ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाचे सात गडी ९१ धावांत बाद झाले होते. तरीही मॅक्सवेलने एकूण १२८ चेंडूंत नाबाद २०१ धावा केल्या, पॅट कमिन्सने दुसऱ्या टोकाला ६८ चेंडू खेळून केवळ १२ धावा केल्या आणि या दोघांनी २०२ धावांची अभेद्य भागीदारी रचली. परंतु त्याच मैदानावर आठ दिवसांनी झालेल्या उपांत्य सामन्यात शुभमन गिलला ७९ धावांवर पेटक्यांमुळे तंबूत परतावे लागले आणि तो अगदी शेवटी पुन्हा फलंदाजीला आला. दोघेही ऐन विशीतिशीतले, कसलेले खेळाडू होते, तरी मुंबईची दमट हवा दोघांनाही भोवली. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही, शरीर थंड होत नाही म्हणून घाम आणखी येतो, आणि त्याबरोबर पाण्यासोबत मीठही जाते.

तुमच्या पत्रातील ‘भरपूर पाणी पितो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मीठ गमावलेल्या शरीरात केवळ साधे पाणी ओतत राहिल्याने रक्तातील सोडियम आणखी पातळ होते आणि टोकाला गेल्यास ते धोकादायकही ठरते. खेळ तासाभराहून अधिक चालणार असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचे प्रमाण घेऊन तयार केलेले पाणी, किंवा औषधाच्या दुकानातील ओआरएस, घोट घोट प्यावे. मीठ घातलेले लिंबू सरबतही चालेल. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

मिठाची कमतरता हे एकच कारण नसते. थकलेल्या स्नायूला आवळण्याची आणि सैल होण्याची आज्ञा देणाऱ्या चेतासंस्थेतला समतोल बिघडतो, म्हणून आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी रात्री तीन तास धावणाऱ्याला गोळा लवकर येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस चालणे-धावणे ठेवलेत आणि पोटरीचे व्यायाम केलेत, तर फरक पडेल. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे हळूहळू स्वतःकडे ओढून धरावीत. तो सुटल्यावर खेळायला हरकत नाही. पण त्याच जागी पुन्हा आला तर त्या दिवशी थांबावे. गोळ्याबरोबर चक्कर, असंबद्ध बोलणे, अंग तापणे अशी लक्षणे दिसली तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी अंगावर पाणी ओतत, वारा घालत रुग्णालयात न्यावे. दुसऱ्या दिवशी लघवी गडद, चहासारखी झाली तरीही तातडीने तपासणी करावी.

मॅक्सवेलला मैदानात फिजिओ उपलब्ध होता आणि त्या धावा विश्वचषकासाठी होत्या. टर्फवरच्या सामन्यासाठी तेवढी किंमत मोजू नका.

प्रश्न : वेदना कमी करणारा स्प्रे मारून खेळाडू लगेच उठतात. तो घरी ठेवावा का? सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेतली तर चालते का?
— एक महाविद्यालयीन खेळाडू, औंध

उत्तर : थंडावा देणारा स्प्रे त्वचा काही मिनिटे बधिर करतो, एवढेच त्याचे काम. चेंडूचा मुका मार लागला असेल तर तो पुरतो. आत काही फाटले असेल तर बधिरतेमुळे ते कळत नाही. वेदनाशामक गोळी सामन्याआधी घेऊ नये. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि थांबायला सांगणारी वेदनाच दबली जाते.

प्रश्न : माझा १४ वर्षांचा मुलगा सीझन बॉलने खेळताना हेल्मेटवर चेंडू लागून पडला. बेशुद्ध झाला नाही, उठून खेळलासुद्धा. पण दोन दिवस डोके दुखते, उजेड सहन होत नाही आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. प्रशिक्षक म्हणतात, हेल्मेट होते, काळजी नको. रविवारी त्याचा सामना आहे.
— एक आई, नाशिक

उत्तर : रविवारी त्याला खेळवू नका. मुलाला अद्याप डॉक्टरांना दाखवले नसेल तर आजच दाखवा. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे कन्कशनची, म्हणजे डोक्याला बसलेल्या हादऱ्याने मेंदूच्या कामात आलेल्या तात्पुरत्या बिघाडाची आहेत. हेल्मेट कवटीचे आणि चेहऱ्याचे रक्षण करते, परंतु कवटीच्या आत मेंदू हादरणे ते पूर्णपणे रोखू शकत नाही. बेशुद्ध पडणे ही कन्कशनची आवश्यक खूण नाही. बहुतेक रुग्ण बेशुद्ध होत नाहीत, आणि सीटी स्कॅनही बहुधा स्वच्छ येतो.

प्रशिक्षकांना २०२३ च्या त्याच विश्वचषकातील एक घटना सांगा. अहमदाबादला मॅक्सवेल गोल्फ कार्टवरून पडला आणि त्याला कन्कशन झाले. ऑस्ट्रेलियाला इंग्लंडविरुद्धचा सामना जिंकणे महत्त्वाचे असतानाही त्याला त्या सामन्यातून वगळण्यात आले. वर उल्लेखलेली २०१ धावांची खेळी त्याने त्यानंतर, तपासणीत योग्य ठरल्यावर केली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण बदली खेळाडू देण्याची मुभा दिली आहे, ती याच गांभीर्यामुळे. ज्याच्यावर एका संघाचे भवितव्य अवलंबून आहे तो खेळाडू थांबू शकतो, तर १४ वर्षांच्या मुलाने निश्चितच थांबावे. पहिला हादरा भरून निघण्यापूर्वी दुसरा बसला तर मुलांमध्ये मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. असे क्वचित होते, पण होते.

पहिले दोन दिवस घरातच हलकी हालचाल, भरपूर झोप आणि मोबाईल-टीव्ही शक्य तितका कमी, असे ठेवावे; तुमच्या मुलाचे ते दोन दिवस गेले आहेत, तरी लक्षणे असेपर्यंत पडद्यासमोरचा वेळ मर्यादितच राहू द्या. मार लागलेल्या मुलाला रात्रभर जागे ठेवावे हा समज जुना आहे. डॉक्टरांनी तपासल्यावर त्याला झोपू द्यावे. डोके दुखल्यास पॅरासिटामॉल वयाच्या प्रमाणात चालते. आधी शाळा, मग खेळ, हा क्रम पाळावा. शाळेत पूर्ण वेळ बसता आले, डोकेदुखी नाही, अशी स्थिती आल्यावर चालणे, धावणे, चेंडू लागण्याचा धोका नसलेला सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर नेट्स आणि शेवटी सामना, असे टप्पे घ्यावेत. प्रत्येक टप्प्यावर किमान एक दिवस थांबावे आणि लक्षणे परतली तर एक पायरी मागे यावे.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जागे करूनही न उतरणारी गुंगी, झटके, हातापायात अशक्तपणा, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी कबड्डी खेळते. चढाईत वळताना गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारे आतले लिगामेंट, फाटल्याचे निदान होऊन शस्त्रक्रिया झाली. आता चार महिने झाले आहेत. केन विल्यमसन सहा-साडेसहा महिन्यांत विश्वचषक खेळला, मग मी पुढच्या महिन्यातील निवड चाचणीला का जाऊ नये?
— एक खेळाडू, इस्लामपूर

उत्तर : विल्यमसनचा गुडघा ३१ मार्च २०२३ रोजी आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात सीमारेषेवर झेल घेण्याच्या प्रयत्नात दुखावला आणि १३ ऑक्टोबरला तो चेन्नईत बांगलादेशविरुद्ध उतरला, हे खरे आहे. पण तो फलंदाज आहे. तुमच्या खेळात प्रत्येक चढाईत एका पायावर गिरकी घ्यावी लागते आणि त्याच क्षणी कोणीतरी पायाला पकडते, म्हणजे ज्या हालचालीत एसीएल फाटते तीच हालचाल कबड्डीत सतत करावी लागते. शिवाय मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते.

शस्त्रक्रियेत बसवलेला कलम केलेला तंतू सुरुवातीला दोरासारखा असतो; त्यात रक्तवाहिन्या शिरून तो जिवंत लिगामेंटसारखा होण्यास बरेच महिने लागतात. अशा खेळांत नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण लक्षणीय असते. म्हणून पुढच्या महिन्यातील चाचणीला तुम्ही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, कारण ग्रामीण भागातील मुलीला निवड चाचणीची संधी किती कष्टाने मिळते, हे मी जाणतो. बीड जिल्ह्यातून आलेला धावपटू अविनाश साबळे यालाही जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) धावताना गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रियेमुळे त्याची त्या वर्षीची टोकियोतील जागतिक स्पर्धा हुकली.

नऊ महिने पूर्ण झाले एवढेही पुरेसे नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावर मारलेल्या लांब उडीचे अंतरही त्याच प्रमाणात हवे, आणि दिशा बदलताना गुडघा आत कोसळता कामा नये. हे मोजून घेण्यासाठी तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे आतापासून वेळ मागून ठेवा. मधल्या काळात प्रशिक्षकांसमवेत सरावाला जा, डावपेच पाहा, हातांची व कमरेची ताकद वाढवा. शल्यविशारदांकडून शस्त्रक्रियेची तारीख आणि खेळात परतण्याचा अपेक्षित महिना लिहिलेले प्रमाणपत्र घेऊन ते निवड समितीकडे आत्ताच द्या, म्हणजे तुमची अनुपस्थिती माघार म्हणून नोंदवली जाणार नाही आणि पुढच्या हंगामाच्या चाचणीसाठी तुमचा विचार व्हावा, अशी विनंती तुम्हाला लेखी करता येईल.